महूचे मैदान

बेळगावात कोणाला मी महूचा म्हणून सांगितले की दोन प्रकारची उत्तरे येतात. वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य म्हणतो, "म्हणजे बाबासाहेबांचे जन्मगाव!" आणि पलटणीतून पेन्शनवर आलेला मनुष्य म्हणतो, "तिथं माझा कोर्स झाला होता. थंडी फार!" दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. डॉ. आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी वस्तीत जन्मले. त्यांचे वडील सुभेदार रामजी तेथे पलटणीच्या शाळेत शिकवीत. आणि इन्फंट्री स्कूल महूलाच असल्यामुळे पायदळातल्या पुष्कळ लोकांचा तेथे कधी ना कधी मुक्काम पडतो. २००३ साली गावाला 'डॉ. आंबेडकरनगर' हे नाव मिळाले, पण बोलण्यात अजून महूच आहे. मला मात्र लिहायचे आहे ते माझ्या हायस्कुलाविषयी आणि हायस्कुलाच्या मागल्या मैदानाविषयी. मी निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी संपादक मंडळातली मुले घरी आली आणि म्हणाली, "सर, तुमच्या विद्यार्थिदशेवर लिहा. पण उपदेश नको." अट मान्य केली.

माझे वडील एम.ई.एस.मध्ये, म्हणजे लष्कराच्या इमारती, रस्ते, पाणी पाहणाऱ्या खात्यात कारकून होते. मूळ गाव खानापूर तालुक्यातले. १९६९ च्या जुलैत त्यांची महूला बदली झाली आणि आमचे बिऱ्हाड दोन ट्रंका, एक वळकटी व आजीचे देव घेऊन खांडव्याहून मीटरगेज गाडीने निघाले. काळाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो; तो खात खात घाट चढलो, पाताळपाणीचा धबधबा पाहिला आणि महूला उतरलो. ती मीटरगेजची वाहतूक आता इतिहासजमा झाली आहे. घाटातल्या त्या टप्प्यात २०१८ साली हौशी प्रवाशांसाठी 'हेरिटेज' गाडी सुरू झाली. आम्ही त्याच डब्यांत कोंबून, कोळशाची कणी डोळ्यांत घेऊन प्रवास केला, तेव्हा त्याला कोणी वारसा म्हणत नव्हते!

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. घरी मराठी, शाळेत हिंदी. महूला आम्हांला 'दक्षिणी' म्हणत. १९७५ साली परत आलो तेव्हा येथे लोक मला 'हिंदीवाला' म्हणू लागले. माझ्या मराठीत अजूनही मधूनच एखादा 'भिया' घुसतो, तो वाचकांनी पोटात घालावा. या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांना हे दुखणे सांगायला नकोच. सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडचे लोक पाहुणाच समजतात.

महू हे मुळात पलटणीसाठी वसलेले गाव. महिदपूरच्या लढाईनंतर १८१८ च्या जानेवारीत होळकरांशी मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी इंदूरपासून सात-आठ कोसांवर छावणी टाकली. आम्हां मुलांत एक ठाम समजूत होती की महू म्हणजे 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या शब्दांची आद्याक्षरे. हे अर्थातच खोटे आहे, 'मऊ' नावाचे खेडे तेथे आधीपासून होते. पण इंग्रजीच्या माट्साबांनीच ते वर्गात सांगितल्यावर आम्ही काय करणार! मेन स्ट्रीटवर साहेबी थाटाची जुनी दुकाने, गोकुळगंजात दाटीची घरे, हरी फाटकाशी गाडीची वाट पाहणारे टांगे, ड्रीमलँड चौकात सिनेमाच्या पाट्या. बेळगावचा कॅम्प ज्याने पाहिला आहे त्याला निम्मे महू पाहिल्यासारखेच आहे. फरक मातीचा. इथली माती लाल, तिथली काळी. माळव्याची ती काळी माती पावसाळ्यात बूट ओढून घेते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हॉकीचा चेंडू जाऊन बसतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. चेंडू खरोखरच बसायचा आणि बारक्या हाताच्या मुलाला तो काढायला बोलवावे लागे.

आमच्या हायस्कुलाचे नाव येथे देत नाही. शाळा सहावी ते अकरावी. मध्य प्रदेशात त्या वेळी अकरावीला भोपाळ बोर्डाची हायर सेकंडरी परीक्षा असे, आणि तीच आयुष्याची वेस. इमारत बैठी, कौलारू, लांबच लांब, पलटणीच्या बराकीसारखी. हेमा आणि बेरछाच्या रेंजवर गोळीबार सुरू झाला की खिडक्यांची तावदाने थरथरत आणि भूगोलाचे माट्साब खडू हातात धरून आवाज थांबेपर्यंत उभे राहत. मधल्या सुटीत फाटकाशी पोहे-जिलबी. पोह्यांवर शेव आणि बडीशेप, हे आजीला शेवटपर्यंत पटले नाही.

या शाळेत अभ्यास बेताचा होता, वाचनालय कुलपात होते, प्रयोगशाळेतला सांगाडा गुडघ्यापासून खाली हरवलेला होता. पण मागे मैदान होते, आणि मैदान संपले की एका बटालियनचे मैदान सुरू होत असे. मध्ये भिंत नव्हती. चुन्याने रंगवलेले दगड ओळीने मांडलेले होते, एवढीच हद्द. दगडांच्या पलीकडे संध्याकाळी जवान हॉकी खेळत. अलीकडे आम्ही.

महूला हॉकी कशी आली याचे उत्तर हे एवढेच आहे. गोऱ्या पलटणी खेळत, त्यांचे पाहून देशी पलटणी खेळू लागल्या, आणि पलटणीच्या मागे राहणारी माणसे, म्हणजे धोबी, भिस्ती, मोतद्दार, बँडवाले, यांची पोरे मैदानाच्या कडेला उभी राहून पाहू लागली. चेंडू बाहेर गेला की आणून द्यायचा. आणून देता देता एखादा फटका मारून पाहायचा. क्रिकेट हा इंदूरचा खेळ. तिथे होळकरांचा आश्रय, कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली. १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. इंदूरच्या पोरांना त्याचा कोण अभिमान! आम्ही त्यांना उलट विचारत असू, "ऑलिंपिकमध्ये काय नेलेत?" कारण आमच्याकडे दोन नावे होती.

पहिले किशनलाल. महूचे. उजव्या बाजूचे खेळाडू. १९४८ साली लंडनच्या वेंब्ली मैदानावर स्वतंत्र भारताच्या संघाने ब्रिटनला ४-० असे हरवून सुवर्णपदक घेतले, त्या संघाचे ते कर्णधार. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्याच राजधानीत, स्वातंत्र्याला एक वर्ष पुरे व्हायच्या आत! आमच्या हेडमास्तरांना दर १५ ऑगस्टच्या भाषणात हे वाक्य लागेच.

दुसरे शंकर लक्ष्मण. हेही महूचेच. १९४७ साली बँडमध्ये वाजवणारा पोरगा म्हणून लष्करात गेले आणि गोलकीपर झाले. मेलबर्न १९५६, रोम १९६०, टोकियो १९६४, अशी तीन ऑलिंपिके. मेलबर्नला भारतावर संपूर्ण स्पर्धेत एकही गोल झाला नाही. तिन्ही वेळा अंतिम सामना पाकिस्तानशी पडला: पहिला आपण १-० जिंकलो, दुसरा ०-१ हरलो, तिसरा १-० जिंकलो. म्हणजे तीन अंतिम सामने मिळून त्यांच्यावर गोल झाला तो एकच. तेव्हा गोलकीपरला शिरस्त्राण नसे, तोंडावर जाळी नसे. पायाला पॅड, हातात काठी आणि समोरून येणारा चेंडू. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत ते कर्णधार होते आणि तिथले हॉकीचे पहिले सुवर्णपदक भारताला त्या वर्षी मिळाले. गोलकीपरने देशाच्या संघाचे कर्णधार व्हायचे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

मी त्यांना कधी पाहिले नाही. माझ्या शाळेच्या वर्षांत ते नोकरीत होते. पण गावात त्यांचे नाव नात्यातल्या माणसासारखे घेत. कोणी 'शंकर भैया' म्हणे, कोणी नुसते 'अपना शंकर'.

आमच्या संघाचे शिक्षक पलटणीतून आलेले होते. लष्करात कवायत शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात, म्हणून शाळेतही ते उस्तादच. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर मोजून चार बोटे दुमडलेल्या. त्यांच्याकडे शाळेची सामग्री म्हणून एक लाकडी पेटी होती. तीत अकरा काठ्या, त्यांतल्या सात जोडलेल्या. हॉकीच्या काठीचे डोके तुतीच्या लाकडाचे आणि मूठ वेताची असते. सांधा निसटला की सरस लावायचा, वर सुतळी ओली करून घट्ट गुंडाळायची आणि दोन दिवस उन्हात ठेवायची. हे काम आम्ही विज्ञानाच्या प्रात्यक्षिकापेक्षा जास्त मनापासून शिकलो. पावसाळ्यात त्या मातीवर हॉकी अशक्य, म्हणून दसऱ्यापर्यंत फुटबॉल. दसऱ्याला उस्ताद काठ्यांची पूजा करायचे, आणि दुसऱ्या दिवशी मुरूम पसरून रोलर ओढायचे काम निघे. उशिरा येणाऱ्याला रोलर, गृहपाठ न करणाऱ्याला रोलर, बिडी ओढताना सापडलेल्याला दोन दिवस रोलर. मैदान सपाट राहिले ते शाळेच्या शिस्तीमुळे नव्हे, बेशिस्तीमुळे!

मुलींना हे मैदान २६ जानेवारीच्या कवायतीपुरते मिळे. माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा जोरात पळत असे. तिला वर्षातून एक दिवस चमचा-लिंबू खेळायला मिळाले. ती अजून ते काढते, आणि काढावेच.

आता आमच्या गोलकीपरविषयी. त्याचे नाव लिहीत नाही, आम्ही त्याला 'गोली'च म्हणत असू. त्याचे वडील एका ऑफिसर्स मेसमध्ये मसालची होते, म्हणजे भांडी घासायचे; तो चौथीत असताना ते वारले. आई बंगल्यांवर धुणीभांडी करी. तो दोन वर्गांत एकेकदा राहिलेला, त्यामुळे आमच्यात मोठा. बुटका, रुंद खांद्यांचा, आणि बोलायला इतका कमी की वर्गात हजेरी देतानासुद्धा नुसता हात वर करी.

त्याचे पॅड हे क्रिकेटचे जुने पॅड होते. एका पलटणीच्या सामानाच्या लिलावात उस्तादांनी ते पदरच्या पैशांनी घेतले होते. आतला कापूस दबून गेल्यामुळे गोलीच्या आईने त्यात जुन्या रजईचे तुकडे भरून दिले. पायाच्या पंजाला टायरचा तुकडा. अशा सरंजामात तो उभा राही. संध्याकाळी पलीकडच्या मैदानावर पलटणीचा सराव संपला की तिथला एखादा हवालदार हद्दीच्या दगडांवर पाय ठेवून म्हणे, "आ बेटा, रोक." आणि डीच्या टोकावरून जवान माणसाच्या ताकदीने चेंडू मारी. गोली डोळे मिटत नसे. मी लेफ्ट-हाफ होतो, त्याच्या पुढेच दहा-बारा हातांवर. मला मागे वळून पाहायची सवय लागली ती त्याचे डोळे पाहण्यासाठी. चेंडू सुटल्यापासून पॅडवर आदळेपर्यंत पापणी हलायची नाही. एकदा मी विचारले, भीती नाही वाटत? म्हणाला, "डर तो लगता है। पर आँख बंद करूँ तो और लगेगा।" वर्षभरातले त्याचे सर्वांत मोठे भाषण ते असावे.

१९७४ च्या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. मध्य प्रदेशात जिल्ह्याच्या वर संभाग असतो, त्यावर राज्य. संभागाच्या स्पर्धा इंदूरला होत्या. आम्ही काठ्यांच्या मोळ्या घेऊन सकाळच्या गाडीने राऊमार्गे इंदूरला गेलो, राजवाड्याजवळ उस्तादांनी सगळ्यांना पोहे चारले, आणि मैदानावर पोचलो तर टेबलाशी कागद तपासणे चालले होते.

कागद म्हणजे वयाचे दाखले. येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण आजच्या विद्यार्थ्यांना जन्माचा दाखला रुग्णालयातूनच मिळतो. आमच्या वेळी गरिबाघरचे मूल शाळेत घालायला कोणी काका-मामा घेऊन येई. माट्साब विचारत, "कितने साल का है?" मामा म्हणे, "होगा छह का।" शाळा जुलैत सुरू होई, माट्साब त्या वर्षाच्या १ जुलैतून सहा वर्षे वजा करीत आणि रजिस्टरात लिहीत. आमचा निम्मा वर्ग १ जुलैला जन्मलेला होता! गोलीला १९६२ साली शाळेत घातले, म्हणून त्याची जन्मतारीख १ जुलै १९५६. स्पर्धेच्या वयोमर्यादेत तो काही महिन्यांनी बसत नव्हता. जिल्ह्याला कोणी पाहिले नव्हते. इथे दुसऱ्या एका शाळेने हरकत घेतली.

गोलीच्या आईचा हिशेब वेगळा होता. तो तिने मलाही कितीदा सांगितला होता. तिला महिना, तारीख, साल यांतले काही येत नव्हते. पण मुलगा झाला ती होळीची रात्र होती, आणि ती होळी म्हणजे शंकरला सोने मिळाले त्याच्या पुढची. गल्लीत पेढे वाटले तेव्हा तिला सहावा महिना होता आणि पेढ्याचा वास सहन होत नव्हता. मेलबर्नचा अंतिम सामना ६ डिसेंबर १९५६ रोजी झाला. म्हणजे गोलीचा जन्म १९५७ च्या मार्चातला. या हिशेबाने तो मर्यादेत बसत होता.

उस्ताद टेबलापुढे ताठ उभे राहिले, जसे वरिष्ठापुढे राहावे तसे, आणि म्हणाले, "साहब, इसकी माँ को तारीख नहीं मालूम, पर सारे हिंदुस्तान को मालूम है। छह दिसंबर छप्पन।" आणि सगळी हकिकत सांगितली. टेबलाशी बसलेला गृहस्थ वाईट नव्हता. त्याने ऐकून घेतले, चष्मा काढून पुसला, गोलीकडे एकदा पाहिलेही. मग म्हणाला, "मास्टरजी, रजिस्टर में ओलंपिक नहीं लिखा है।"

त्याचे काय चुकले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला विचारीत आलो आहे. काही चुकले नाही. आईच्या आठवणींवर वय धरायचे ठरवले तर त्या मैदानावर पंचवीस वर्षांची मुले उतरली असती. वयचोरी तेव्हाही होती. पण नियम बरोबर आणि माणूस खरा असे एकाच वेळी असू शकते, आणि मग खरा माणूस बाहेर बसतो, हे मी त्या टेबलाशी पहिल्यांदा पाहिले. पुढे परीक्षा विभागात काम करताना अनेकदा पाहिले.

गोलमध्ये दहावीतला एक उंच पोरगा उभा केला. गोलीने आपले पॅड स्वतः त्याच्या पायाला बांधले, पट्टे आवळले, आणि गोलच्या जाळीमागे जाऊन उभा राहिला. दर महिन्याला एक वाक्य बोलणारा हा मुलगा त्या दिवशी सत्तर मिनिटे बोलत होता. "बाएँ, बाएँ। आगे निकल। अब रुक। काठी नीची।" माझ्या कानात आजही त्या सामन्यातला दुसरा आवाज नाही. पोरगा चांगला खेळला. पहिल्या अर्ध्यात काही झाले नाही. दुसऱ्या अर्ध्यात त्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला आणि गोल झाला, शेवटी शेवटी आणखी एक. ०-२. परतीच्या गाडीत पॅड गोलीच्याच मांडीवर होते. राऊला गाडी थांबली तेव्हा तो खाली उतरला, सर्वांत लहान पोरांना पाणी आणून दिले आणि पुन्हा येऊन बसला.

१९७५ च्या जानेवारीत महूला भरती होती. बँडसाठी मुले हवी होती. गोलीला बिगूल जेमतेम फुंकता येत होता, गल्लीतल्या एका जुन्या बँडवाल्याने शिकवला होता तेवढा. आईच्या हिशेबाने वय बसायला अजून अवकाश होता. रजिस्टरच्या हिशेबाने बसत होते. शाळेने दाखला दिला: १ जुलै १९५६. ज्या तारखेने त्याला मैदानाबाहेर ठेवले तिनेच भरतीच्या दारातून आत घेतले. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. उस्ताद त्याच्या घरी जाऊन म्हणाले, अकरावी होऊ दे, मग जा. आई म्हणाली, तोवर भरती थांबेल का? या प्रश्नाला उस्तादांकडे उत्तर नव्हते. मीही तिथे होतो. चुलीवर चहा उकळत होता तो कोणी उतरवला नाही.

गावात अजून सांगतात की हॉकीने त्याला नोकरी दिली. मला हे मान्य नाही. हॉकीने त्याला काहीही दिले नाही. त्यानेच हॉकीला रोजच्या दोन तासांप्रमाणे सहा वर्षे दिली. नोकरी दिली ती एका माट्साबाच्या अंदाजाने. खेळातून जे मिळते त्याची यादी करायची आपल्याला फार हौस आहे: शिस्त, सांघिक वृत्ती, नेतृत्व वगैरे. वार्षिक समारंभांत मीही ती भाषणे ऐकत बसलो आहे. पण संध्याकाळी अंधार पडत आलेला, चेंडू दिसेनासा होत चाललेला, आणि तरी "बस, एक और" म्हणत मारलेले फटके, हे कोणत्या यादीत बसवायचे मला कळत नाही.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी क्वालालंपूरला विश्वचषक झाला. आमची परीक्षा तोंडावर, आणि अख्खा वर्ग रेडिओपाशी. उपांत्य सामन्यात मलेशियाने आपल्याला जवळजवळ संपवले होते. शेवटच्या मिनिटांत बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या अस्लम शेरखानने बरोबरी केली आणि मग आपण ३-२ जिंकलो. अस्लम भोपाळचा, म्हणजे आमच्याच प्रांताचा. फटका मारण्यापूर्वी त्याने गळ्यातल्या ताइताचे चुंबन घेतले, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी मेन स्ट्रीटवर प्रत्येकजण स्वतः पाहिल्यासारखी सांगत होता. १५ मार्चचा अंतिम सामना आम्ही हरी फाटकाजवळच्या पानाच्या दुकानापाशी ऐकला. पुन्हा पाकिस्तान. पहिला गोल त्यांचा. मग सुरजितसिंगने बरोबरी केली, मग ध्यानचंदांच्या मुलाचा, अशोककुमारचा गोल. जसदेवसिंगांचा आवाज चढत चालला होता, तेवढ्यात फाटक बंद होऊन गाडी आली आणि तिच्या धडधडाटात पुढची दोन मिनिटे गेली. गाडी गेल्यावर कळले की अजून २-१ आहे. सामना संपल्यावर दुकानदाराने सगळ्यांना फुकट पान दिले. पंधरा दिवसांनी गोलीचे पोस्टकार्ड आले: "यहाँ मेस में सबने सुना। मैंने उस्ताद को याद किया।" बस्स.

त्याच वर्षी वडील निवृत्त झाले आणि आम्ही बेळगावला आलो. इथे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बोलता बोलता सांगितले की ऑलिंपिकचे शंकर लक्ष्मण मराठा लाइट इन्फंट्रीचे. मी चाट पडलो. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात, आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर! महूच्या गल्लीतला पोरगा बँडमध्ये भरती होतो, आणि त्याची पलटण निघते ती आमच्या गावची. सहा वर्षे मी त्यांच्या गावात राहिलो आणि ते माझ्या गावच्या पलटणीत. बेळगावलाही हॉकीची परंपरा आहेच. टोकियोच्या विजयी संघात शंकर लक्ष्मणांबरोबर बेळगावचे बंडू पाटील होते. कॅम्पातल्या मैदानावर मी काही वर्षे खेळलो. तिथे मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत आरडाओरडा चाले. गोल झाला की गोलकीपरला शिव्याही तिन्ही भाषांत पडत, आणि वाचवला की तिन्ही भाषांतले लोक गप्प राहत. तिथेही मला वळून पाहायची सवय होती, पण मागच्याचे डोळे वेगळे होते.

१९७६ साली माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि वर्षापूर्वीचे विश्वविजेते आपण सातवे आलो. त्यानंतर आपल्या हॉकीचे काय झाले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच पाहिले की मुरमावर आणि काळ्या मातीवर चेंडू उसळतो. उसळलेला चेंडू थांबवायला मनगट लागते, आणि मनगट फुकट मिळते. गालिच्यासारख्या सपाट गवतावर वेग लागतो, आणि ते गवत विकत घ्यावे लागते. महूसारख्या गावांतल्या शाळा त्या दिवशी खेळातून बाद झाल्या. फक्त त्यांना तसे कोणी कळवले नाही. त्या आणखी काही वर्षे रोलर ओढीत राहिल्या.

शंकर लक्ष्मण १९७९ साली मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि महूला परतले. अर्जुन पुरस्कार होता, पद्मश्री होती. शेवटी पायाला गँगरीन झाले, पैशाची ओढाताण होती. २९ एप्रिल २००६ रोजी ते वारले. ज्या पायांनी तीन अंतिम सामन्यांत चेंडू अडवले त्यांतला एक पाय असा गेला, हे मी स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रात वाचले आणि बातमी शेजारच्या प्राध्यापकांना दाखवली. ते भले गृहस्थ. म्हणाले, "कोण हो हे?" मग तास सोडून मी त्यांना तीन सामन्यांचे गुण सांगत बसलो.

गोली बँडमध्ये बिगूल वाजवीत हवालदार झाला. पलटणीच्या संघातही तो काही वर्षे गोलमध्ये होता. खरे पॅड तिथे मिळाले, म्हणे. निवृत्तीनंतर महूलाच आहे. वर्षातून एक-दोनदा आमचे फोन होतात, पूर्वीपेक्षा थोडे जास्त बोलतो. त्याची आई नव्वदीच्या घरात जाऊन वारली. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी होती, कारण तारीख माहीत नसली की तीच पडते; त्याच्या सगळ्या कागदांवर १ जुलै. "हमारे घर में, भिया," तो म्हणाला, "कोई अपने दिन पैदा ही नहीं हुआ।" १ जुलैला नातवंडे केक आणतात, तोही तो गुपचूप खातो. होळीच्या रात्री मात्र आई करीत असे तसा गुळाचा शिरा सून करते, आणि मी फोन करायचा तो त्या रात्री, असे आमचे ठरलेले आहे.